लिओनफोर्तेचा गादीवाला

"तानो मास्तर, राग मानू नका, पण ती लोकर खाली ठेवा."

मी गच्चीवर चटई टाकून लोकर मोकळी करत बसलो होतो. दोन्ना पिप्पीना जिना चढून आल्या होत्या आणि धापा टाकत होत्या. माझ्या मुलीची होणारी सासू. लग्नाला अठरा दिवस राहिले होते.

"बसा, विहीणबाई. पाणी देऊ?"

"पाणी नको. बोलायला आलेय, बोलून जाते." त्या खुर्चीच्या पाठीला धरून उभ्याच राहिल्या. "ही आगातीनाच्या पलंगाचीच गादी ना?"

"तिचीच."

"तेच म्हणतेय मी. वेनेराला जाऊन सात महिने झाले. तुमच्या दंडावर अजून काळी पट्टी आहे. विधुराच्या हातची गादी नव्या जोडप्याखाली कशी घालायची, सांगा बघू?"

"विधुर आहे, पण बाप आहे मी तिचा."

"म्हणून तर जिना चढून आले. दुसरा कोणी असता तर निरोप पाठवला असता." त्यांनी रुमालाने मान पुसली. "लिओनफोर्तेला एक गादीवाला आहे म्हणे. बायको धडधाकट आहे, पाच मुलं आहेत. त्याच्याकडून करून घेऊ."

"त्याला इथं कोण ओळखतं?"

"कोणी ओळखत नाही, हेच बरं की! तुम्हाला सगळे ओळखतात, मास्तर, हीच तर पंचाईत आहे."

त्या गेल्या. त्यांच्याबद्दल वाईट लिहायचं नाही मला. बाई मनाने चांगली आहे. वेनेराच्या आजारपणात दोनदा सूप घेऊन आली होती. आणि ती बोलली ते खोटं नव्हतं. आमच्या गावात हे सगळ्यांना माहीत आहे. लग्नाच्या आधीच्या गुरुवारी पलंग मांडतात, तेव्हा त्याला हात लावणाऱ्या बायका निवडून बोलावतात. नवरा हयात असलेल्या, आणि पांढऱ्या पोशाखात, घंटा वाजत असताना मुख्य वेदीपुढे उभं राहून लग्न लागलेल्या. ज्या घरात वर्षभरात मरण झालं, त्या घरचा हात पलंगाला लागत नाही. मीच किती घरांत हे ऐकलं होतं आणि मान डोलावली होती. पंचवीस-सव्वीस वर्षांत या गावातल्या जवळजवळ प्रत्येक नवरीची गादी मी शिवली. नियम दुसऱ्यांसाठी असतो तेव्हा बरोबरच वाटतो.

पण ही लोकर वेनेराची होती.

आगातीना जन्मली त्या वर्षीपासून वेनेरा दर मे महिन्यात मेंढपाळाकडून एका मेंढीची लोकर घ्यायची. त्यातली पाठीवरची तेवढी निवडायची. ओढ्यावर नेऊन सात पाण्यांतून काढायची, दगडांवर वाळवायची आणि तमालपत्रं घालून पोत्यात भरायची. तेवीस वर्षं. शेवटच्या वर्षी तिला ओढ्यापर्यंत चालवेना, तर घरातच परातीत धुतली. मरायच्या आधी तीन दिवस मला म्हणाली, "लग्नाची तारीख हलवू नका. आणि गादी कडेला नीट भर. तू कडेला आळस करतोस."

मी म्हटलं, "कधी केला आळस?"

ती म्हणाली, "आपल्या गादीला."

ते खरं होतं. आमच्या घरची गादी मी दुसऱ्यांच्या कामातून उरलेल्या कशाकशाने भरली होती. चांगली करतो, करतो, म्हणत होतो. मे ते सप्टेंबर लोकांची कामं असायची आणि थंडीत लोकर वाळायची नाही.

आता खरी गोष्ट सांगतो.

वेनेराचं आणि माझं लग्न पळून जाऊन झालं. अठ्ठेचाळीस साली. मी पुढे सगळ्यांना सांगितलं की तिच्या वडिलांनी नकार दिला होता. आगातीनाही तेच ऐकत मोठी झाली आणि आजोबांना थोडी फटकूनच वागली. पण त्यांनी नकार दिला नव्हता. त्यांनी एक वर्ष मागितलं होतं. त्यांच्या घरची पद्धत मुलीबरोबर बारा भरतकामाच्या चादरी द्यायची. वेनेराच्या नऊ भरून झाल्या होत्या. तीन राहिल्या होत्या. सासरे म्हणाले, "पुढच्या ईस्टरनंतर करू. पोरगी रिकाम्या हातानं जायला नको."

मी चोवीस वर्षांचा होतो. मीको न्हाव्याच्या दुकानात बसायचो. तिथे पोरं चिडवायची, "बारा चादरी? तानो, तोवर म्हातारा होशील. वर्षभर थांबायला सांगतात म्हणजे दुसरा बघतात रे!" मला ते लागलं. मी वेनेराला विहिरीपाशी गाठलं.

ती म्हणाली, "एकच वर्ष तर आहे, तानो."

मी म्हणालो, "येतेस की नाही, एवढंच सांग."

तिने कळशी विहिरीच्या काठावर ठेवली. मग तिने विचारलं, "चादरी घेऊ का?"

मी म्हणालो, "राहू दे. चादरींशी लग्न करायचंय का मला?"

हे मी ऐटीत बोललो होतो. मीकोच्या दुकानात नंतर सांगितलंही. सगळे हसले.

आम्ही दोन दिवस माझ्या मावशीच्या शेतावरच्या खोपटात राहिलो. मग पद्धतीप्रमाणे परत आलो, आणि पद्धतीप्रमाणे आमचं लग्न लागलं. पहाटे पाच वाजता, बाजूच्या वेदीपाशी. घंटा नाही, फुलं नाहीत. वेनेराच्या अंगावर तिच्या आईचा कॉफीच्या रंगाचा झगा होता, कारण पळून गेलेलीला पांढरं घालता येत नाही. फादरना सर्दी झाली होती, त्यांनी अर्धं पुटपुटतच उरकलं. बाहेर आलो तेव्हा पुरतं उजाडलंही नव्हतं. पलंग मांडायला कोणी बायका आल्या नाहीत. कशाला येतील? आमचा पलंग म्हणजे मावशीचं गवत होतं, आणि ते दोन रात्रींत चुरगळून झालं होतं.

त्याबद्दल वेनेरा मला कधी एक शब्द बोलली नाही. ती बोलली नाही म्हणून मला वाटलं, विसरली.

आगातीना त्या दिवशी पोस्टातून घरी आली आणि मी तिला विहीणबाईंचं बोलणं सांगितलं. पोरगी आईसारखी गप्प बसणारी नाही. पर्स टेबलावर आपटली.

"म्हणजे आईची लोकर कोणा परक्याच्या हातात द्यायची?"

"तो काही लोकर खाणार नाही."

"बाबा, तुम्ही गंमत करू नका. तुम्हाला चालणार आहे का हे?"

मी तिची पर्स उचलून खुंटीला अडकवली.

"नाही ना चालणार? मग बोला की! आख्ख्या गावाला एक इंच खोळ तिरकी गेली तर ओरडता, आणि इथं तोंड शिवून बसलात."

"अगं, सासू आहे तुझी. जन्म काढायचाय तिच्याबरोबर."

"मी तिच्याशी लग्न करत नाहीये." दारात थांबून ती म्हणाली, "नाहीतर मी आणि सारो पळून जातो. घरातली चालच आहे."

ती हसत हसत बोलली. मी म्हटलं, "असं बोलू नकोस." आवाज जरा मोठा झाला असावा, कारण ती दचकली.

तासाभराने ती सासूकडून परत आली तेव्हा तिचे गाल लाल झाले होते.

"झालं. तुम्हीच शिवायची."

"कबूल झाल्या?"

"झाल्या. पण एक अट आहे." ती माझ्याकडे न बघता बोलत होती. "गावात सांगायचं की लिओनफोर्तेच्या माणसाने केली. त्या म्हणतात, देवाला माहीत असलेलं चालेल, पण शेजारणींना कळता कामा नये."

मला हसू आलं. मग आगातीनालाही आलं. वेनेरा गेल्यापासून आम्ही दोघं एकत्र हसलो ते पहिल्यांदा.

"चालेल ना बाबा?"

"चालेल की. हात माझाच ना? नाव कोणाचं का असेना."

मी तसं म्हटलं आणि मला तसंच वाटत होतं.

आमचं काम उघड्यावर करायचं असतं. गच्चीवर, नाहीतर अंगणात. येणारेजाणारे थांबतात, सल्ले देतात, चेष्टा करतात. ही गादी मी दुपारच्या जेवणानंतर, गाव झोपतं त्या वेळात, आतल्या खोलीत खिडक्यांच्या फळ्या लावून शिवली. उकाडा मरणाचा. लोकरीची कुसं नाकातोंडात जात होती. नवव्या दिवशी मीको न्हावी दारावर थाप मारून म्हणाला, "काय रे, लपूनछपून काय चाललंय? बाई ठेवलीस काय?"

मी आतूनच म्हणालो, "झोपलोय."

"झोपलेला माणूस खोकत नाही इतका! आणि ऐक, तुझ्या पोरीची गादी लिओनफोर्तेला दिलीस म्हणे? डोकं फिरलं का तुझं? त्या लोकांना काय येतं?"

"चांगला आहे तो."

"तू पाहिलास?"

"हात पाहिलाय त्याचा," मी म्हणालो.

कडा मी चार वेळा उसवून पुन्हा भरल्या. प्रत्येक कडेला मूठ दाबून बघायचो, कुठे पोकळ लागतं का. दोन्हीकडून सारखा गोट ओढून, दाभण सरळ घालून, एक टाका दुसऱ्याच्या ओळीत. इतकी चांगली गादी मी आयुष्यात शिवली नव्हती. शेवटची गाठ मारली तेव्हा पोत्यात मूठभरसुद्धा लोकर उरली नव्हती. तिने बरोब्बर तेवढीच जमवली होती. मी गादीवर झोपून बघितलं नाही. हात फिरवला आणि बाहेर आलो.

गुरुवारी सकाळी सारोच्या दोन मावसभावांनी छोट्या ट्रकमधून गादी नेली. आधी गावाबाहेरच्या पुलापर्यंत जाऊन मग वळून आले, म्हणजे लिओनफोर्तेहून आल्यासारखं दिसेल. हे डोकं विहीणबाईंचं.

नव्या जोडप्याचं घर सान रोको चर्चच्या मागे, दुसऱ्या मजल्यावर. खाली पुरुष उभे होते, सिगारेटी ओढत. मी खरं तर त्यांच्यातच थांबायला हवं होतं. पण वर माझी गादी उलगडत होती आणि माझे पाय जिन्याकडे गेले. मी पहिल्या वळणापर्यंत चढलो. तिथून वरचं दार अर्धं उघडं दिसत होतं. पुढे जाता येत नव्हतं, म्हणून तिथेच पायरीवर बसलो.

आतलं सगळं ऐकू येत होतं.

"अगं बाई, कडा बघा कडा! भिंतीसारख्या उभ्या राहिल्यात."

"लिओनफोर्तेचा आहे म्हणे कोणी."

"तानो मास्तरांचा हात काही असा नाही हो. त्यांची गादी मधे बसते."

"हळू बोल, पोरगी आहे इथं."

"बसते म्हणजे बसते. माझी बसली. नवराही बसला बरोबर!"

सगळ्या खिदळल्या. दोन्ना पिप्पीना मोठ्याने म्हणाल्या, "हात असावा तर असा! मी म्हटलंच होतं, बाहेरचा माणूस आणा." एवढं बोलायची काही गरज नव्हती. पण खोटं सांगायचं तर बाई पुरतं सांगते.

मी पायरीवर बसून गालातल्या गालात हसत होतो. मला अजून मजा वाटत होती. मग चादर झटकल्याचा आवाज आला. कोणीतरी म्हणालं, "उजवीकडून तू धर." दुसरी म्हणाली, "सुरकुती नको गं, एकही नको." मग त्या एकदम गप्प झाल्या. काय करत होत्या कोण जाणे. मग शकुनाचे साखरेचे बदाम गादीवर पडल्याचा टपटप आवाज आला. कोणाचं तरी तान्हं पोर पलंगावर लोळवलं असावं, ते रडायला लागलं, आणि सगळ्या टाळ्या वाजवायला लागल्या.

दार पूर्ण उघडलं आणि निन्फा बाहेर आली. निन्फा वेनेराची धाकटी बहीण. आईच्या जागी आज तीच आत होती. मला पाहून ती जागच्या जागी थांबली. मग दोन पायऱ्या खाली आली.

"भावोजी, तुम्ही इथं?"

"ऐकतोय. बरी झालीये ना?"

"मला कळलं हात लावल्याबरोबर. टाका काय बदलता येतो होय?" ती हळू आवाजात म्हणाली. मग जिन्याच्या कठड्याला धरून उभीच राहिली. तिला काहीतरी बोलायचं होतं.

"तुम्ही इथं बसलात," ती म्हणाली, "आणि मला वाटलं तीच बसलीये."

"कोण?"

"ताई. दुसरं कोण?"

मला कळेना.

"तुम्ही गादी पोचवायला यायचात," निन्फा म्हणाली. "गादी आत टाकून तुम्ही जायचात दारूच्या दुकानात. ती कुठं जायची?"

"घरी."

"घरी?" ती माझ्याकडे बघत राहिली. "भावोजी, ती जिन्यातच बसायची. प्रत्येक घरी. आतलं काम संपेपर्यंत. बायका बाहेर यायला लागल्या की उठून जायची. सगळ्यांना माहीत होतं. काही जणी तर मुद्दाम दार लोटून घ्यायच्या."

गादी न्यायला दोन माणसं लागायची. एक बाजू माझ्या डोक्यावर, एक तिच्या. दारापाशी पोचलो की ती आपली बाजू दुसऱ्या कोणाकडे द्यायची, कारण तिला आत येता यायचं नाही. मी आत टाकून खाली उतरायचो तेव्हा ती जिन्यात असायची. मी म्हणायचो, "निघ तू घरी." ती म्हणायची, "निघते." आणि मी पुढे निघून जायचो. सव्वीस वर्षांत एकदाही मी मागे वळून पाहिलं नाही.

"मला तिने कधी सांगितलं नाही," मी म्हणालो.

"तुम्ही कधी विचारलंत?"

आत कोणीतरी निन्फाला हाक मारली. तिने "आले, आले" म्हणून सांगितलं, पण गेली नाही.

"तुम्हाला एकट्याला नाही बोलत मी," ती म्हणाली. "तुम्ही दोघं पळालात आणि माझं लग्न चार वर्षं अडलं. पळून गेलेलीची बहीण म्हणून. मला राग होता. माझ्या पलंगाच्या दिवशी आई म्हणाली, वेनेराला निदान दारात उभी राहू दे, सख्खी बहीण आहे. मी म्हटलं, नको. ती त्या दिवशीही जिन्यात बसली होती. मी आतून तिचे बूट बघितले, दाराच्या फटीतून. आणि पलंगावर चादरी तिच्या होत्या भावोजी. त्या नऊच्या नऊ. बाबांनी मला दिल्या. कोपऱ्यात तिच्या नावाचं अक्षर होतं, आईने ते उसवून माझं घातलं."

ती रडत नव्हती. निन्फाला रडताना मी कधी पाहिलेलं नाही. अंत्ययात्रेतसुद्धा नाही.

मी म्हणालो, "तुझ्या बाबांनी फक्त एक वर्ष मागितलं होतं, निन्फा."

"माहीत आहे मला. मी होते की तिथं, स्वयंपाकघरात." ती म्हणाली, "आगातीनाला सांगा कधीतरी. बाबांवर उगीच आळ राहिलाय."

"सांगतो."

"लग्न होऊ द्या. मग सांगा."

पुन्हा हाक आली. निन्फाने झगा सारखा केला, चेहरा सारखा केला आणि आत गेली. आतून दोन्ना पिप्पीनांचा आवाज आला, "कुठं गेली होतीस गं? उशी तुझ्यासाठी ठेवलीये."

मी बसलो होतो तिथून उठायला हवं होतं. खाली पुरुष हसत होते. सारोचा आवाज आला, त्याला कोणीतरी चिडवत होतं. पण उठवेना.

थोड्या वेळाने बायका बाहेर यायला लागल्या. मी भिंतीला चिकटून वाट दिली. काही जणींनी मान हलवली, काहींनी बघितलं न बघितलंसं केलं. एक दोघी माझ्या दंडावरच्या पट्टीकडे बघून लांबून गेल्या. जिना अरुंद असल्यामुळे तेही त्यांना नीट जमलं नाही. मी पाय आत घेतले. सगळ्यात शेवटी दोन्ना पिप्पीना आल्या. त्यांनी साखरेच्या बदामांची एक पुडी माझ्या हातात दिली आणि खालपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "मास्तर, ही त्या लिओनफोर्तेच्या माणसाला पोचवा हं. म्हणावं, हात सलामत राहो."

"पोचवतो," मी म्हणालो.

त्या वाकल्या आणि हळूच म्हणाल्या, "फार सुंदर झालीये." मग कठड्याला धरून एकेक पायरी उतरत गेल्या.

जिना रिकामा झाला. वर आगातीना एकटीच होती. तिच्या पावलांचा आवाज येत होता, खिडक्या लावत असावी. मग ती दारात आली. पोस्टातल्या कामाच्याच कपड्यांत होती, केसांत साखरेचा चुरा.

"बाबा, सगळ्या गेल्या. आता कोणी नाही बघायला. या ना वर, बघा कशी दिसतेय."

"येतो," मी म्हटलं, आणि बसून राहिलो.